वीतभर उजवीकडे

समकालीन नृत्य म्हणजे नक्की काय, असं विचारायचं असेल तर थोरलीला विचारू नका. तिची सख्खी नणंद अठरा वर्षं तेच विचारत होती. शेवटी एकदा खेळाला आली, पहिल्या रांगेत बसली आणि संपल्यावर आत येऊन म्हणाली, "छान झालं हो वहिनी. पण मधे तीनदा पडलात. लागलं तर नाही ना?" त्या दिवसापासून थोरलीने समजावणं सोडून दिलं.

मंडळीत सहा जण नाचायचे आणि वर बाई. नाच बसवायच्या बाई, ओरडायच्या बाई, आणि खेळ उत्तम झाला की पडद्यामागे जाऊन ढसाढसा रडायच्याही बाईच. बाकीच्यांना नावं होती, पण तालमीत ती कुणी वापरत नसे. थोरली सगळ्यांत मोठी, त्रेचाळीस पूर्ण, म्हणून थोरली. खांब छत्तीसचा. आधी लोकांचं घरसामान हलवायचं काम करायचा. कपाट पाठीवर घेऊन चार जिने चढलेला गडी. मंडळीत आल्यापासून नऊ वर्षांत त्याच्याकडे उडी मारलेलं एकही माणूस जमिनीला लागलं नव्हतं, म्हणून खांब. आणि लवंगी बावीसची. अंगाने काडी, जिभेने लवंगी मिरची. तिला दुसरं काय म्हणणार?

तालीम पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या एका जुन्या गोदामात चालायची. वर पत्रा, खाली काळी रबरी शीट, आणि मोज्यांचा नि मलमाचा असा काही वास की नवखा माणूस दारातच थबकायचा. आरसा नव्हता. बाईंनी तो येऊच दिला नव्हता. "आरशात बघून नाचणारा माणूस शरीराला विचारत नाही, काचेला विचारतो," असं त्या म्हणायच्या. मोबाइलवर चित्रीकरणालाही बंदी. स्वतःला बघितलं की माणूस नटायला लागतो, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे कोण कसं दिसतंय हे मंडळीत कुणालाच ठाऊक नसे. फक्त बाईंना दिसायचं, आणि बाईंना सगळं दिसतं असं सगळे धरून चालायचे.

आरशाऐवजी त्यांच्याकडे तोलणं होतं. रोज सकाळी जोड्या पडायच्या. एकाने डोळे मिटून उताणं पडायचं. दुसऱ्याने त्याचा हात, पाय, डोकं एकेक करून दोन्ही तळव्यांत घ्यायचं, जरासं उचलायचं आणि मालक तो अवयव खरोखर आपल्या हवाली करेपर्यंत थांबायचं. मग हाताला जे लागलं ते मोठ्याने सांगायचं. "डावा खांदा अजून कालच्या भांडणातच आहे." "मान आज कुणाचं ऐकत नाही." निम्मं थोतांड असायचं. उरलेलं निम्मं मात्र इतकं खरं निघायचं की पडलेल्याचे कान लाल व्हायचे.

नव्या नाचाचं नाव होतं 'सांधे'. प्रत्येकाने एक सांधा घ्यायचा, तीन आठवडे त्याच्याशीच राहायचं, आणि तो काय काय करू शकतो नि काय करायला नकार देतो हे शोधायचं. कुणी मनगट घेतलं, कुणी घोटा. थोरलीने खुबा मागून घेतला. चोराने चौकीदारी मागून घ्यावी, त्यातला प्रकार.

कारण तिचा उजवा खुबा चौदा महिन्यांपूर्वीच गेला होता. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून दाखवला होता, आतला गोळा कसा झिजलाय तो. चाला, पोहा, उड्या बंद, आणि चारपाच वर्षांत बदलून घ्या, असं सांगितलं होतं. थोरलीने मान डोलावली, घरी येऊन तो लिफाफा चादरींच्या तळाशी सरकवला आणि दुसऱ्या दिवशी तालमीला हजर. हे तिच्या नवऱ्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

आणि तोलणं? त्यातही थोरलीने युक्ती काढली होती. खरा सैल पाय हातात जड लागतो आणि आपोआप बाहेरच्या बाजूला कलंडतो. थोरलीचा कलंडला असता तर आत खट्‌ वाजलं असतं. म्हणून ती खुबा पोटातून घट्ट धरायची, मांडी मऊ ठेवायची आणि पायाचं वजन बरोबर समोरच्याच्या तळव्यात ढकलायची. ही लबाडी सोपी नाही हो. पंचवीस वर्षं शरीराशी झटावं तेव्हा कुठे असं खोटं बोलता येतं. एकदा खुद्द बाईंनी तो पाय तोलला आणि सगळ्यांना बोलावून म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात हवाली केलेला पाय. शिका!" थोरली डोळे मिटून पडून राहिली. तिला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला.

नाचाच्या मध्यावर एक उडी होती, एका जुन्या नाचातून उचललेली, दोन वर्षं थोरली नि खांब रोज करत आलेली. थोरलीने आठ ठेक्यांत आठ पावलं उलटं धावायचं आणि मागे न बघता दोन्ही पायांवरून मागेच झेप घ्यायची. त्याच वेळी मागून खांबाने दोन पावलं पुढे येऊन जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली होती तिथे पाय रोवायचे, तिला झेलायचं आणि झेलल्या झेलल्या गर्रकन फिरायचं. मंडळीत प्रत्येक कामाला दोन माणसं तयार ठेवायची रीत होती. या कामाला दुसरी लवंगी.

खेळाला अकरा दिवस उरले असताना लवंगीने ती उडी पहिल्यांदा पूर्ण वेगात मारली. पावलं अचूक, झेप अचूक, सगळं बाईंनी सांगितल्याबरहुकूम. फक्त खांब तिथे नव्हता. होता, पण वीतभर उजवीकडे. लवंगीचा खांदा त्याच्या डाव्या हातावर आदळला, ती हवेतच फिरली आणि हनुवटीवर पडली. पाच टाके.

"फुलीवर होतास?" बाईंनी विचारलं.

"होतो, बाई." तो अगदी मनापासून म्हणाला. पाय तोवर तिला सावरायच्या धडपडीत कुठल्या कुठे गेले होते. आता तपासायचं काय?

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या थोरलीला मात्र तिथल्या तिथे कळलं. तिचा उजवा पाय जोर घेत नव्हता, म्हणून चौदा महिने ती एकट्या डाव्या पायावरून उडत होती. डाव्यावरून उडालं की अंग उजवीकडे जातं. ती रोज वीतभर उजवीकडे जायची, आणि खांब रोज तिला झेलायचा. म्हणजे त्याचे पाय त्याला न विचारता उजवीकडे जायला शिकले होते. त्याला पत्ता नव्हता, बाईंना नव्हता, आणि आत्तापर्यंत तिलाही नव्हता. फुली होती तिथेच होती. तिच्यावर मात्र वर्षभरात कुणी उभंच राहिलं नव्हतं.

ती लवंगीसाठी बर्फ आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी जाड गादी आणवली आणि तिघांना एकामागून एक उडी मारायला लावली. तिघंही खांबाच्या डाव्या हातावरून घसरून गादीवर. मग थोरलीला सांगितलं. थोरली धावली, उडाली, आणि खांबाने तिला अलगद झेललं, गर्रकन फिरलासुद्धा. तेव्हा कुणी त्याच्या पावलांकडे बघितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण उडणारं माणूस सोडून उभ्या माणसाचे पाय कोण बघतं?

"म्हणजे येतं तुला," बाई म्हणाल्या. "मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

"आमचं वजन झेपत नसेल त्यांना," लवंगी पट्टी लावलेल्या हनुवटीतून म्हणाली. "ताईंचं बरं झेपतं." कोणीतरी फिस्सकन हसलं. "हसू नका. मी त्यांच्याकडे पुन्हा उडी मारणार नाही. हात जोडून सांगते."

बाईंनी संध्याकाळी निर्णय सांगितला. जुन्या मंडळीतला एक जण पुढच्या सोमवारी येईल आणि झेलायचं काम तो करेल. खांबाने तोवर सकाळच्या सरावाला यावं, पुढचं पुढे बघू. पुढचं पुढे बघू म्हणजे काय, हे न कळण्याइतकं कुणी दुधखुळं नव्हतं. नऊ वर्षांचा खांब एका वाक्यात निखळला. आणि थोरलीचं काही अडत नव्हतं, हे ध्यानात घ्या. नवा माणूस काय, "मला इथे झेल" म्हटलं की तिथे उभा राहिला असता. तोंड बंद ठेवलं की झालं. खेळ झाला असता, तिच्या नावावर झाला असता, आणि बहुधा तो तिचा शेवटचा मोठा खेळ असता. तिला तो हवा होता. फार हवा होता.

मंगळवारी दुपारी ती गोदामाच्या मागच्या पायऱ्यांवर चहा घेऊन गेली तर खांब तिथे बसलेला. एक डोळा मिटून तो हाताचं बोट नाकाला लावत होता. मग दुसऱ्या हाताचं.

"काय रे, हे काय?"

"ताई, गुरुवारी तपासणीला जातोय. डोक्याच्या."

"डोक्याला काय झालं?"

"बाबांना असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. "पेला घ्यायला हात जायचा आणि पेल्याच्या शेजारी पडायचा. आम्ही हसायचो. आई म्हणायची, लक्ष कुठंय तुमचं? चार वर्षांनी त्यांना घास भरवायला लागायचा. त्यांचं अडतिसाव्या वर्षी सुरू झालं. माझं दोन वर्षं आधीच आलं म्हणायचं." त्याने पुन्हा बोट नाकाला लावलं. "बघ ना, बरोबर लागतंय ना?"

"बरोबर लागतंय रे," थोरली म्हणाली.

एवढंच म्हणाली! जीभ झडली होती का तिची? शेजारी बसलेला माणूस स्वतःच्या मरणाची तारीख काढतोय, आणि हिच्या तोंडून दोन वाक्यं निघेनात. चहा संपवला, कप विसळला आणि घरी गेली.

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. घरी आला की आधी कोपरापर्यंत हात घासायचा, तरी वंगणाचा वास राहायचाच. जेवणं झाल्यावर ती कुशीवर पडली आणि तो रोजच्यासारखा खुब्याला मलम चोळायला बसला. तिने सगळं सांगितलं. बोट नाकाला लावण्याचंही सांगितलं.

"सांगून टाक की मग," तो म्हणाला.

"सांगितलं तर मला काढतील."

"आणि नाही सांगितलं तर त्याला काढलंच आहे."

"तुला बोलायला काय जातं? तुझा गुडघा दुखला तर लिफ्ट तुला हाकलून देते का?"

त्याने बोटांवर आणखी मलम घेतलं. मग म्हणाला, "हे बघ, मला तुमच्या नाचातलं ओ की ठो कळत नाही. पण लिफ्ट अडकली की आम्ही आधी आतला माणूस बाहेर काढतो. बिघाड कुणामुळे झाला ते मग बघतो."

"मोठा आला शहाणा," ती म्हणाली. पण त्याचं म्हणणं तिला लागलं होतं.

बुधवारी सकाळी जोड्या पडल्या तेव्हा खांबाशेजारी कुणी जाईना. त्याचा हात लागला की जणू आपलाही तोल जाईल. थोरली त्याच्यापुढे जाऊन आडवी झाली. "चल रे, आज मला तोल."

त्याने डोकं तोललं, हात तोलले, डावा पाय तोलला. "ठीक आहे," म्हणाला. बोलण्यात जीव नव्हता. मग उजवा पाय तळव्यांत घेतला आणि थांबला.

आता सैल सोडायचा म्हटलं तर तिला जमेना. चौदा महिने धरून ठेवलेली गोष्ट सोडायची कशी, हेच शरीर विसरलं होतं. तिने आधी जबडा सोडला. मग पोट. मग कमरेच्या आत कुठेतरी एक मूठ होती, ती सापडायलाच वेळ लागला. मूठ उघडली आणि पाय बाहेरच्या बाजूला कलंडला. खट्‌.

खांबाचे हात थिजले. त्याने पाय सरळ केला, पुन्हा हळूच सैल धरला. खट्‌. त्या आवाजाचा हादरा त्याच्या तळव्यापर्यंत गेला असणार.

"कधीपासून?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"चौदा महिने."

"डाव्यावरूनच उडतेस."

"हो."

"म्हणजे उजवीकडे जातेस."

"वीतभर."

त्याने पाय अगदी सावकाश खाली ठेवला आणि स्वतःच्या पावलांकडे बघितलं. "म्हणजे माझं डोकं..."

"तुझ्या डोक्याला काहीही झालेलं नाही. तुझ्या हातापायांनाही नाही. तू एकदाही चुकला नाहीस, खांबा. मी जिथे पडत होते तिथे तू येत होतास."

तिला वाटलं, त्याचा चेहरा उजळेल. चेहरा लालबुंद झाला. "काल पायऱ्यांवर मी तुला बाबांचं सांगितलं. तुला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू चहा पीत बसलीस."

तो उठला, बाहेरच्या नळावर गेला आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. परत आला तेव्हा डोळे सुजलेले होते. "बाईंना मी सांगणार नाही," तो म्हणाला. "तुझं तू सांग."

तिने सांगितलं. सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या, काही न वगळता. लवंगीच्या हनुवटीकडे बघून माफीही मागितली. बाई पुढे आल्या, तिला पडायला लावलं, स्वतः गुडघे टेकून उजवा पाय हातात घेतला आणि तो आवाज ऐकला. एकदा, दोनदा, तीनदा.

"हाच पाय मी सगळ्यांना दाखवला होता," त्या म्हणाल्या. "याच्यासारखा शिका, म्हणाले होते." थोरलीच्या लबाडीपेक्षा आपल्या हातांना ती कळली नाही, हे त्यांना जास्त झोंबलं होतं. ते स्पष्ट दिसत होतं.

"आरसा असता तर..." लवंगीने सुरुवात केली आणि बाईंचा चेहरा बघून पुढचं गिळलं.

"उडी लवंगी मारेल," बाई उठत म्हणाल्या. "सगळ्या खेळांत. तो दुसरा माणूस नको, त्याला कळवते मी. खांबच झेलेल, पण फुलीवर आला तर." मग थोरली पिशवी उचलतेय असं बघून म्हणाल्या, "कुठे निघालीस? तू बिघडवलंयस त्याला. तूच नीट कर."

आता तुम्ही म्हणाल, कारण कळलं, मग अडचण काय? उभं राहायचं फुलीवर. खांबालाही तसंच वाटलं होतं. तपासणी रद्द करून गुरुवार गेला, शुक्रवार गेला. गादी घातलेली, लवंगी दात-ओठ खाऊन उड्या मारतेय, खांब मनातल्या मनात फुली फुली घोकतोय, आणि आठव्या ठेक्याला पाय आपले उजवीकडे. त्याच्या डोक्याने ऐकलं होतं, पायांनी नाही. "नाही जमत," तो म्हणाला. "मी पाठवत नाही त्याला. तोच जातो."

शनिवारी थोरली म्हणाली, "पावलं नकोत. आधीच फुलीवर उभा राहा आणि नुसता थांब." मग ती त्याच्या मागे जमिनीवर पालथी झाली आणि दोन्ही हातांनी त्याचा उजवा घोटा धरला. तिथून तिला ना लवंगी दिसत होती, ना बाई. फक्त टाच, घोटा आणि टाचेमागची जाड शीर.

बाईंनी ठेके मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सहाव्याला तिच्या तळव्याखाली ती शीर ताणली गेली. पाऊल अजून हललं नव्हतं. निघायच्या तयारीत होतं. तिने घोटा दाबून धरला. लवंगी येऊन आदळली, डगमगली, गादीवर पडली.

सहाव्याला. थोरलीला वाटत होतं, तो शेवटच्या क्षणी सावरून घेतो. तिला स्वतःला खुब्याची भीती सातव्याला वाटायची आणि आठव्याला ती वाकडी व्हायची. त्याच्या आधीच, सहाव्यालाच, हा माणूस तिच्याकडे यायला निघालेला असे. रोज. चौदा महिने.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा सहाव्याला शीर ताणली, पुन्हा तिने दाबली. पुन्हा. आणि पुन्हा. तिची बोटं बधिर झाली. त्याच्या घोट्यावर वळ उठले. दर वेळी पाऊल तिच्या जागेकडे निघायचं आणि दर वेळी ती त्याला जाऊ द्यायची नाही. किती वेळा ते कुणी मोजलं नाही. दुपार कलली, लवंगीने दोनदा पट्टी बदलली.

मग एकदा सहावा ठेका आला आणि शीर गप्प राहिली. सातवाही गेला. आठव्याला धप्प असा भरीव आवाज झाला, वरून वजन आलं, घोटा जमिनीत रुतला आणि तिथेच राहिला. लवंगी वरून ओरडली, "अगं बाई, झेललं की!" कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

थोरलीला रडू फुटलं. तिने ते आवरलं नाही, पण आवाजही केला नाही. लवंगीला धरून उभ्या असलेल्या खांबाला खाली बघता येत नव्हतं. समोर बघतच त्याने विचारलं, "ताई, गेला का गं पाय?"

"नाही," ती म्हणाली. "जागेवर आहे."